चौकशीसाठी नेलेला माणूस

चौकात चहाची लारी, म्हणजे हातगाडी लावणारा धुडकू धापा टाकत दारात आला, तेव्हा गायत्री न्हाऊन केस पुसत होती.

"ताई, ललितले पोलीस लई गयात," तो म्हणाला. "जीपमां टाकीसन."

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीतला चौथा शनिवार होता, म्हणून कोर्ट बंद होतं आणि गायत्री घरी होती. सोमवारी सव्वीस जानेवारी. आठवडाभर सुरतेत जिकडे तिकडे बंदोबस्त लागला होता. उत्तराणाचे, म्हणजे संक्रांतीचे, फाटके पतंग अजून तारांवर लटकत होते आणि त्यांच्याखाली पर्वत पाटियाच्या चौकात रोज सकाळी पोलिसांची जीप येऊन उभी राहायची. बांगलादेशी शोधायचे, असा वरून हुकूम आहे म्हणे.

ललित तिचा धाकटा भाऊ. लूमवर रातपाळी करायचा आणि सकाळी सुटला की धुडकूच्या लारीवर चहा पिऊनच घरी यायचा. त्या सकाळी त्याच्यासोबत मोफिज होता. मोफिज शेजारच्या जरीच्या कारखान्यात साड्यांवर हाताने भरतकाम करायचा. जीप थांबली. दोन पोलीस उतरले आणि लुंगी घातलेल्यांना बाजूला काढू लागले. मोफिजला धरलं तसा ललित मध्ये पडला, "साहेब, हा इथलाच कारागीर आहे," असं काहीतरी म्हणाला. एकाने त्याचीच कॉलर पकडली. ललित घाबरला, आणि घाबरला की त्याच्या तोंडून घरची बोली निघायची.

"माले कसाले धरतस? मना काय गुन्हा शे?"

"आ पण बंगाली बोले छे," पोलीस दुसऱ्याला म्हणाला, आणि ललितलाही जीपमध्ये ढकललं.

धुडकूने हे सांगितलं तेव्हा गायत्रीला एक क्षण हसू आलं, पण क्षणभरच. तिने ओले केस तसेच बांधले, काळा कोट चढवला. वकिलीची सनद मिळून तिला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. पारोळ्याकडून येऊन लिंबायतच्या त्या गल्लीत राहिलेल्या सगळ्या घरांत ती पहिली वकील. छगनभाई नावाच्या जुन्या वकिलांच्या हाताखाली ती दुकानांच्या भाड्याचे आणि खोल्या खाली करण्याचे दावे शिकत होती. पोलीस ठाण्याची पायरी ती तोवर चढलेली नव्हती.

वडील, मगनराव, सोबत निघाले. पंचवीस वर्षं लूमवर काढून ते आता जॉबर झाले होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करून कारागिरांना चालते करून द्यायचे. रस्ताभर ते रेशनकार्ड छातीशी धरून चालत होते.

ठाण्यात फौजदाराने ललितला उभं केलं. "नाव?"

"ललित मगन महाजन."

फौजदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग मगनरावांच्या टोपीकडे पाहिलं आणि खो खो हसला. "अरे, तू तर आपला निघालास! मग सरळ बोलायचं ना. जा घरी."

रेशनकार्ड कुणी उघडूनही पाहिलं नाही. मगनरावांनी दोन्ही हात जोडले, तिथल्या हवालदारालाही जोडले, आणि मुलाचा दंड धरून दाराकडे वळले. ललित मात्र दारातच थांबला.

"आणि मोफिज?"

व्हरांड्यात भिंतीला टेकून चार माणसं गुडघे जवळ घेऊन बसली होती. शेवटचा मोफिज. तिशीचा, किडकिडीत, बोटं लांब लांब. सुट्टीच्या दिवशी ललित आणि तो कामरेजच्या पुढे तापीवर गळ टाकायला जायचे, आणि मासे मिळाले की पुष्पाबाईंच्या, गायत्रीच्या आईच्या, चुलीवर शिजायचे. तो इकडच्या बंगालातल्या मालद्याचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याने गायत्रीकडे पाहिलं आणि नजर खाली घातली.

गायत्री परत टेबलापाशी गेली. "साहेब, या चौघांना कोणत्या गुन्ह्यात अटक केली?"

"अटक कुठे, बेन? चौकशी."

"मग चौकशी झाली की सोडणार?"

"सोडणार कसे? बांगलादेशी आहेत. सोमवारी झेंडावंदन आटोपलं की हावड्याच्या गाडीत बसवून देतो. पुढचं सरहद्दीवरचे बघतील."

"सोडत नसाल तर ती अटकच झाली. आणि अटक झाली तर उद्या सकाळच्या आत त्यांना मॅजिस्ट्रेटपुढे न्यायला हवं."

फौजदार चिडला नाही. लहान मुलाला समजवावं तसा म्हणाला, "कोर्ट आपल्या लोकांसाठी असतं, बेन. भाऊ मिळाला ना? घेऊन जा."

मगनरावांनी मागून तिच्या कोटाची बाही ओढली. ती निघाली. पण फाटकाबाहेर आल्यावर तिला रस्ता ओलांडता येईना. दोन वेळा पाऊल टाकलं, दोन्ही वेळा मागे घेतलं.

घरी उंबऱ्यात जोहुरा बसली होती, मोफिजची बायको. मांडीवर दोन वर्षांची मुलगी. त्यांच्या कोसाडच्या खोलीवरून रिक्षाने आली होती. ठाण्याच्या फाटकातून तिला आत घेतलं नव्हतं. पुष्पाबाईंनी तिच्यापुढे चहा ठेवला होता, तो थंड झाला होता.

"बोले, कागज लाओ," ती गायत्रीला म्हणाली. "कौन सा कागज, वो नहीं बोले."

मगनरावांनी गायत्रीला आतल्या खोलीत बोलावलं. आवाज दाबून, पण हात हलवत ते बोलू लागले. "आपण तरी इथले कोण? चौऱ्याण्णवला प्लेगात पळालो, महिन्याने परत आलो, तर मालकाने खोलीला दुसरं कुलूप ठोकलेलं. तीन आठवडे त्याच्या पाया पडलो. विसरलीस? आज भाऊ सुटला, बस झालं. त्यांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं तर उद्या कोण सोडवेल?"

ते चुकीचं बोलत नव्हते, हेच तिला सहन होईना. तिने पुस्तक उघडलं, मिटलं. मोरीत जाऊन तोंड धुतलं. गच्चीवर गेली, खाली आली. जोहुराची मुलगी ताटलीवर चमचा आपटत होती आणि तो आवाज तिच्या डोक्यात घुमत होता. शेवटी चपला घालून ती छगनभाईंच्या घरी गेली.

छगनभाई झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. तिचं सगळं ऐकून घेतलं, झोपाळा पायाने थांबवला.

"फौजदारी कायद्यात सत्त्याण्णव कलम आहे," ते म्हणाले. "कुणाला बेकायदा डांबून ठेवलंय असं मॅजिस्ट्रेटला पटलं, तर तो शोध-वॉरंट काढू शकतो. उद्या रविवार असला तरी एक मॅजिस्ट्रेट बसतोच. पण नुसता वकिलाचा अर्ज चालणार नाही. त्या माणसाला धरताना आणि आत डांबलेला पाहिलेला कुणीतरी शपथेवर सांगायला हवा. कुणी पाहिलंय?"

"माझ्या भावाने."

छगनभाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "मग भावाला विचार. आणि हे बघ, अर्जात माझं नाव नको. त्या ठाण्याच्या हद्दीत माझे सात पक्षकार आहेत." त्यांनी कमरेची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली. "ऑफिसातला टाइपरायटर वापर. रिबन नवी आहे."

ललित खाटेवर पडला होता. रात्रभर जागून आलेला, तरी डोळे सताड उघडे. गायत्री त्याच्या पायाशी बसली.

"तिथे आत काय झालं?"

"मोफिजला आकडे म्हणायला लावले. हिंदीत. एक ते शंभर." तो छताकडे बघत बोलत होता. "त्याचं 'उनसठ' चुकलं. मग तळपायांवर पट्टा. माझ्यासमोर." थोडं थांबून तो म्हणाला, "ताई, 'तू आपला निघालास' म्हणाला ना तो, तेव्हा मला बरं वाटलं. एकदम बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच चीड येतेय."

"मॅजिस्ट्रेटपुढे सांगशील हे?"

ललित उठून बसला. "त्यांना कळेल मी सांगितलं ते?"

"कळेल. ते तुझं नाव वाचतील, पत्ता वाचतील."

बराच वेळ तो खाटेच्या सुंभाशी चाळा करत राहिला. "लिही," तो म्हणाला.

मगनराव जेवायला बसले होते. त्यांनी ऐकलं आणि ताटावरून उठले. त्यांच्या पाठीकडे बघत पुष्पाबाई म्हणाल्या, "तिले करू द्या." एवढंच. मग जोहुराच्या मुलीला कडेवर घेऊन त्या बाहेर ओट्यावर गेल्या. त्या दिवशी जोहुराला त्यांनी कोसाडला परत जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी बंद ऑफिसात एकटीने बसून गायत्रीने अर्ज टाइप केला. दोन कागद बिघडले. पहिल्या परिच्छेदात धरलं कधी आणि कुठे ते, दुसऱ्यात ललितने काय पाहिलं ते. तिसऱ्यात तिने लिहिलं, 'सदर इसम मालदा जिल्ह्याचा रहिवासी असून भारताचा नागरिक आहे.' ते वाक्य तिला सगळ्यांत भक्कम वाटलं.

रविवारी सकाळी वकीलपत्रावर मोफिजची सही घ्यायला ती पुन्हा ठाण्यात गेली. फौजदार परेडच्या तालमीला गेला होता. जमादाराने काळा कोट बघून आढेवेढे घेतले, मग "पाच मिनिटं" म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

मोफिज तिथेच होता, व्हरांड्यात. पाय सुजून टम्म झाले होते. तो उभा राहायला गेला, तिने हाताने बसवलं. पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, पण सही केली नाही.

"दीदी, ललित कोर्ट में आएगा?"

"हाँ. कसम लेकर बोलेगा."

मोफिजने जमादाराच्या पाठीकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलला, की तिला वाकावं लागलं. "मालदा झूठ है, दीदी. मैं उधर का हूँ. राजशाही. चौदा साल का था, चाचा के साथ आया. जोहुरा इधर की है, नदिया की. बेटी सूरत में पैदा हुई. मैं अकेला उधर का हूँ." त्याने पेन तिच्याकडे परत धरलं. "अब आप सोच लो."

गायत्रीने पेन घेतलं. हा माणूस तिच्या घरी जेवला होता. मालद्याच्या आंब्यांचं कौतुक करायचा, पुष्पाबाईंना 'माय' म्हणायचा. त्याच्यासाठी तिचा भाऊ थोड्या वेळाने हात वर करून शपथ घेणार होता. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं. पेन त्याच्या हातात परत दिलं.

"सही करो," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मात्र ती कोर्टाकडे वळली नाही. पानाच्या टपरीपाशी एक बाकडं होतं, त्यावर ती बसली. पिशवीतून घटनेचं पातळ पुस्तक काढलं. परीक्षेसाठी कलमं तिने घोकली होती. एकोणिसावं कलम 'नागरिकांना' म्हणतं, हे तिला तोंडपाठ होतं. एकविसावं आणि बाविसावं तसं म्हणत नाही. तिथे 'कोणतीही व्यक्ती' आहे. घोकताना हा फरक तिच्या नजरेतून निसटला होता, किंवा नजरेला पडूनही त्याची कुणाला गरज लागेल असं वाटलं नव्हतं. तिने दोनदा वाचलं. फौजदाराला काल आपण जे सुनावलं ते मालद्याच्या माणसासाठी सुनावलं होतं, हे तिला कळून चुकलं. राजशाहीच्या माणसासाठी तेच सुनावायला तोंड उघडेल का, ते तिला ठाऊक नव्हतं.

तिने अर्ज मांडीवर घेतला आणि तिसरा परिच्छेद पेनाने खोडला. समासात सही केली.

ललितला काय सांगायचं? पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने कुणाला सांगायची नसते, सख्ख्या भावालाही नाही. हा नियम होता. पण कोर्टाच्या पायऱ्यांवर ललित इस्त्रीचा शर्ट घालून उभा दिसला, तेव्हा नियम आहे याचं तिला बरंच वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही.

मॅजिस्ट्रेट पन्नाशीचे, गळ्यात मफलर, सर्दीने बेजार. रविवारचं काम लवकर उरकायच्या बेतात होते. त्यांनी अर्ज वाचला आणि ललितला शपथ दिली.

"तुला का सोडलं?"

"नाव ऐकून सोडलं, साहेब."

"आणि धरलं कशावरून?"

"बोलीवरून."

"काय बोललास?"

ललितने गायत्रीकडे पाहिलं, मग म्हणाला, "माले कसाले धरतस. मना काय गुन्हा शे."

लिहून घेणाऱ्या कारकुनाचा हात थांबला. मॅजिस्ट्रेटनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, अर्थ विचारला आणि तसंच्या तसं नोंदवायला सांगितलं. हसले नाहीत. मारहाणीबद्दल विचारलं. ललितने उनसठपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना त्याची मान ताठ होती, पण हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकले होते.

मग मॅजिस्ट्रेट गायत्रीकडे वळले. "तिसरा परिच्छेद का खोडला?"

"आजच्या अर्जाला त्याची गरज नाही, साहेब."

"हा माणूस भारतीय आहे की नाही?"

ललित मान वळवून तिच्याकडे बघू लागला. 'हो' म्हण, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"तो प्रश्न खटल्याचा आहे," गायत्री म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. "परदेशी असल्याचा संशय असेल तर पोलिसांनी परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली खटला भरावा. आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझंसुद्धा कायद्याने त्याच्यावरच टाकलंय. पण त्यासाठीही आधी त्याला आपल्यापुढे आणायला हवं. परस्पर गाडीत बसवता येणार नाही. बाविसावं कलम 'नागरिक' म्हणत नाही, साहेब. 'व्यक्ती' म्हणतं."

"परदेशी असला तरी?"

"असला तरी."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढून पुसला, पुस्तक मागवलं, पान काढून स्वतः वाचलं. खोलीत फक्त पंख्याविना लटकणाऱ्या दांडीवर बसलेल्या कबुतराची फडफड होती. त्यांना हे फारसं रुचलेलं नव्हतं, ते दिसत होतं. तरी त्यांनी लिहायला घेतलं.

वॉरंट घेऊन कोर्टाचा बेलिफ आणि दुसऱ्या ठाण्याचा एक अधिकारी गेले. ते पोहोचले तोवर ठाण्यात कागद तयार झाले होते. चौघांना आज सकाळीच अटक केली, असं त्यात होतं. दुपार कलल्यावर चौघे कोर्टात आले. मोफिजला दोघांनी धरून आणलं. फौजदार गायत्रीजवळून जाताना पुटपुटला, "भाऊ लूमवर आहे ना? बरं."

मॅजिस्ट्रेटनी मोफिजला विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?"

मोफिजने मागे वळून पाहिलं. फौजदार त्याच्या खांद्यामागे उभा होता. मॅजिस्ट्रेटनी मान वर केली. "तुम्ही बाहेर थांबा." फौजदाराला वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगितलं. "तुम्हालाच. बाहेर." दार बंद झाल्यावर मोफिजने चप्पल काढून एक पाय पुढे केला. बाकीच्या तिघांनीही काढल्या. वैद्यकीय तपासणीचा हुकूम झाला.

"राहणारा कुठला?" मॅजिस्ट्रेटनी नोंदीसाठी विचारलं.

गायत्री अर्धवट उठली. त्याने गप्प राहावं, असं ती त्याला बजावणार होती, पण तेवढा वेळच मिळाला नव्हता.

"राजशाही, साब," मोफिज म्हणाला. "बांगलादेश."

मागच्या बाकावरून ललित उठला आणि बाहेर निघून गेला.

तो तिला रिक्षा स्टँडपाशी सापडला. "तुला सकाळीच माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून खोडलंस."

"हो."

"मला शपथ घ्यायला लावलीस."

"तू सांगितलंस ते सगळं खरं होतं, ललित."

"ते मी विचारत नाही."

तो पायीच घरी गेला. ती रिक्षा करून त्याच्याआधी पोहोचू शकली असती, पण लांबून त्याच्या मागे चालत राहिली.

पुढचं सगळं हळूहळू झालं. बाकीचे तिघे जामिनावर सुटले, आणि मालदा आणि मुर्शिदाबादच्या पोलिसांची उत्तरं आली तेव्हा त्यांच्यावरचं प्रकरणच निकालात निघालं. त्यांच्यातला एक जण गाव सोडून कधी बाहेरच न पडलेल्या बापाचा मुलगा होता, त्याला सोमवारच्या गाडीने सरहद्दीपार ढकललं असतं. मोफिजवर खटला चालला. त्याने गुन्हा कबूल केला, सहा महिने शिक्षा झाली. पायांच्या जखमांची चौकशी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

ललितच्या कारखान्यावर एक पोलीस रोज येऊन शेठच्या गादीवर बसू लागला. काही बोलायचा नाही, चहा प्यायचा. तिसऱ्या आठवड्यात शेठने ललितला दुसरीकडे बघायला सांगितलं. कामरेजला एका लहान कारखान्यात त्याला काम मिळालं. जायला यायला दोन बसा. मगनराव बरेच दिवस गायत्रीशी बोलले नाहीत. ते बोलत नसल्याने पुष्पाबाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. घरात भांडी तेवढी वाजायची. छगनभाईंनी तिला काढलं नाही, पण भेटायला येणाऱ्यांना ते सांगू लागले, "ती फौजदारी बघते, तिचं तिला विचारा."

जोहुरा दर आठवड्याला मुलीला घेऊन सबजेलला जायची आणि जाताना गायत्रीच्या घरी थांबायची. एकदा गायत्रीने तिला विचारलंच, "माझ्यावर राग नाही आला? सहा महिने जेल झाली त्याला."

जोहुरा मुलीच्या फ्रॉकची बटणं लावत होती. "मेरे चाचा के लड़के को मुंबई से ऐसे ही ले गए थे," ती म्हणाली. "पाँच साल हो गए. किधर है, कोई नहीं जानता. ये किधर है, मैं जानती हूँ. हफ्ते में एक बार मिलती हूँ."

ललित जेलवर गेला नाही. मोफिजचं नाव निघालं की तो उठून जायचा. गायत्रीने एकदा बोलायचा प्रयत्न केला, त्याने रेडिओ मोठा केला.

श्रावणात मोफिजची शिक्षा संपली. या वेळी सगळं कागदोपत्री झालं, कोर्टाचा हुकूम, दोन पोलीस सोबतीला, हावड्याची गाडी. जोहुराने त्याच डब्यातून जाऊ द्या म्हणून हातापाया पडून पाहिलं. पोलीस म्हणाले, कैद्याच्या डब्यात नातेवाईक चालत नाहीत. ती माहेरी नदियाला जाणार होती, सरहद्दीच्या अलीकडे, आणि पुढे काय करायचं ते तिला अजून ठरवता आलं नव्हतं. पुष्पाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

स्टेशनवर गर्दी इतकी होती, की जनरल डब्याच्या दाराला हात लागेना. गायत्री एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात ट्रंक धरून उभी होती, तेवढ्यात खिडकीतून एक ओळखीचं डोकं आत शिरलं. ललित. कामरेजहून थेट आला असावा, केसांत कापसाची तुसं होती. त्याने आत घुसून खिडकीची जागा धरली, ट्रंक ओढून घेतली, मग मुलीला खिडकीतूनच उचलून घेतलं. तोवर जोहुरा दारातून कशीबशी आत शिरली.

"तू उतर, गाडी सुटेल," गायत्री ओरडली.

"नंदुरबारला उतरतो. तोवर यांची जागा कुणी घ्यायला नको."

गाडी सुटली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. गायत्री कोर्टात निघायच्या तयारीत होती. तो भिंतीला टेकून बसला, बूट काढले.

"नंदुरबारला गाडी बराच वेळ थांबली," तो म्हणाला. "मी मुलीला घेऊन त्या डब्यापाशी गेलो. पोलीस बरा होता. त्याने मोफिजला दारापर्यंत येऊ दिलं. त्याने पोरीला कडेवर घेतलं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस इतकी वर्षं? तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू तापीवर सोबत आला असतास का?"

"मग?"

"गाडीची शिट्टी झाली, मी पोरीला परत जोहुराकडे दिलं." त्याने डोळे चोळले. "आणि ताई, तू मला त्या सकाळी सांगितलं असतंस, तर मी शपथ घेतली नसती. मी खूप विचार केला त्याचा. नसतीच घेतली."

"मला वाटलंच होतं," गायत्री म्हणाली.

ललितने मान हलवली. आतून पुष्पाबाई त्याला जेवायला हाक मारत होत्या. तो उठला, मोरीत जाऊन त्याने तोंडावर पाणी मारलं, आणि मगनरावांच्या शेजारी पाट ओढून बसला.